बोका गुरगुरत नाही

बोक्याने रबरी हात धरला, त्याआधी काहीच ऐकू आलं नाही. काठीच्या टोकाला बसवलेला तो पाच बोटांचा हात तिने रोजच्या सवयीने जाळीच्या फटीतून आत सरकवला होता आणि खाण्याच्या भांड्याची कड अडकवून भांडं हळूच स्वतःकडे ओढलं होतं. माणसाला चावलेलं कुत्रं या प्राणी-केंद्रात आलं की त्याची पहिली तपासणी हीच. खाताना परका हात आडवा आला तर बहुतेक कुत्री आधी थिजतात, मग डोळ्यांच्या कडेने बघतात, ओठ वर घेतात, गुरगुरतात. माणसाला हात मागे घ्यायला भरपूर सवड मिळते. बोका खाता खाता थांबला आणि लगेच हात त्याच्या दातांत होता. काठीतून एक हिसका तिच्या मनगटात आणि मनगटातून खांद्यात गेला. मग त्याने हात सोडून दिला. मागे मोबाइलवर चित्रीकरण करत उभ्या असलेल्या डॉक्टरीणबाई नुसतं ‘हं’ म्हणाल्या. त्या ‘हं’चा अर्थ दोघींनाही ठाऊक होता. न सांगता चावणारं कुत्रं केंद्रातून बाहेर जात नाही. त्याला इंजेक्शन देतात.

बोका तिच्या दादाच्या घरचा. पिल्लू असताना तो बागेच्या कठड्यावरून पाय जुळवत चालायचा म्हणून दादाने त्याला हे नाव दिलं होतं, आणि पाहुणे आले की ‘बोक्या’ अशी हाक मारायची, कुत्रं आलेलं पाहून त्यांचे चेहरे कसे होतात ते बघायचं, हा दादाचा आवडता खेळ होता. आदल्या दिवशी वहिनी त्याला घेऊन आली, ह्यांच्या हाताला चावला एवढं सांगून सही करून गेली. बाहेर दादा गाडीत बसून होता म्हणे. ओळखीचं कुत्रं तपासू नये असा इथला रिवाज. पण केंद्रातला दुसरा तपासनीस रजेवर होता. जमेल ना तुला, असं डॉक्टरीणबाईंनी सकाळी विचारलं होतं, आणि नातेवाइकांची परीक्षा घ्यायची संधी सगळ्यांना मिळत नाही बरं, असंही वर म्हणाल्या होत्या. ती जमेल म्हणाली होती. आता काठी भिंतीला टेकवताना तिच्या लक्षात आलं की तिला वाईट वाटलेलं नाही. उलट एक जुना संशय जागच्या जागी बसावा तसं काहीतरी झालं होतं. कुत्र्याबद्दल नव्हे. वहिनीबद्दल. तिच्या हाताखाली वाढलेलं जनावर असंच निघणार, हे वाक्य तिच्या मनात पूर्ण तयार होऊन आलं आणि ते तिथे किती वर्षं पडून होतं याचं तिलाच आश्चर्य वाटलं.

या कामात प्रश्न एकच, असं ती नव्याने आलेल्यांना सांगायची: समोरच्याला अंतर वाढवायचंय की कमी करायचंय? बिथरणाऱ्या कुत्र्याला अंतर वाढवायचं असतं. ते आकांत करतं, उसळी मारून पुढे येतं आणि तेवढंच मागे जातं. कान मागे चिकटलेले, शेपटी पायांत, डोळ्याच्या कडेला पांढरी कोर, सारखं नाक चाटणं, झोप नसताना येणाऱ्या जांभया. त्याचा सगळा गोंगाट म्हणजे लांब राहा, लांब राहा, एवढंच. रस्त्यात लोक घाबरतात ते त्यालाच. खरं आक्रमक कुत्रं घाई करत नाही. तोंड मिटलेलं, शेपटी ताठ, नजर एका जागी, वजन पुढच्या पायांवर. ते अंतर कमी करत येतं आणि त्याला काहीच सांगायचं नसतं. दात दोघांचेही सारखेच लागतात, फरक असतो तो त्याच्या आधी. हे तिला केंद्रात शिकवलं असं सगळे समजत. खरं तर ती घरून शिकून आली होती. वडील कमी बोलणारे. जेवताना त्यांचा चमचा ताटात थांबला की खोलीत काहीतरी बदलायचं, हवा पातळ झाल्यासारखी, आणि दादा मात्र तेव्हाच ओरडायला लागायचा. मी नाही केलं, मी नाही केलं, असं तारस्वरात, कुणी काही विचारायच्या आधीच, एक पाय दाराकडे ठेवून. वडील न बोलता उठायचे. ते उठताना खुर्चीसुद्धा वाजायची नाही. टेबलाखालून तिला फक्त त्यांचे पाय दिसायचे, सावकाश, एकामागून एक. तेव्हापासून तिचा हिशेब पक्का झाला होता. आवाज करतो तो घाबरलेला असतो. दादा दुकानदारावर ओरडला, लिफ्ट बंद पडली म्हणून पहारेकऱ्यावर ओरडला, कुणाच्या लग्नात जेवण संपलं म्हणून ओरडला, तरी तिला आत कुठेतरी मायाच वाटायची. अजून तो दाराकडे पाय ठेवून उभा आहे, असं.

आणि वहिनी ओरडत नसे. पहिल्यांदा घरी आली तेव्हाही सोफ्याच्या कडेवर बसली, पर्स मांडीवर, दोन्ही हात पर्सवर. दादाने विनोद सांगितला, सगळे हसले, वहिनीने तोंडावर हात ठेवून सावकाश जांभई दिली. ही जांभई पुढे घरात प्रसिद्ध झाली. दादा रंगात आला की वहिनीला जांभई येणार, यावर आत्या आणि काका डोळ्यांनी एकमेकांना खुणा करत. फार शिकलेली आहे ना, आपली बडबड कंटाळवाणी वाटते तिला, असं आत्या म्हणायची. नणंद म्हणून तिला स्वतःला हे कारणही पटलं नव्हतं. तिला वाटायचं, ही बाई काहीतरी मोजते आहे. कुठल्याही खोलीत गेली तरी दार दिसेल अशी जागा धरते. एकदा तिने सहज विचारलं होतं, वहिनी, दादा घरीही एवढाच बडबडतो का गं? घरात ते फार बोलत नाहीत, असं वहिनी म्हणाली होती. म्हणजे हिच्यापुढे त्या बिचाऱ्याला बोलायचीही सोय नाही, असा तिने अर्थ काढला होता.

केंद्रातून घरी जाताना औषधाच्या दुकानात रांग होती. पुढचा माणूस काउंटरवरच्या मुलीला मोठमोठ्याने सुनावत होता, आणि त्याची टाच उचललेली, अंग मागे गेलेलं, बोटं पिशवीचे बंद पिळत होती. बिथरणारा, असं तिने मनात लिहून टाकलं. त्याच्या मागची बाई हसत उभी होती, हनुवटी थोडी पुढे, आणि तिच्या हसण्यात डोळे सामील नव्हते. तिच्याबद्दल तिने काही लिहिलं नाही, फक्त रांगेतलं स्वतःचं अंतर वाढवलं. हे तिचं नेहमीचंच झालं होतं. माणसं बोलत असली की तिला शब्द उशिरा ऐकू यायचे, आधी मान, खांदे, पायाचे पंजे. तिचं स्वतःचं लग्न टिकलं नाही त्याला हेही एक कारण असेल. तू माझ्याशी बोलत नाहीस, माझी तपासणी करतेस, असं नवरा म्हणाला होता, आणि त्या वेळीही ती त्याचे ओठ बघत होती.

घरी चहा ओतून घेऊन तिने डॉक्टरीणबाईंनी पाठवलेलं चित्रीकरण लावलं. रोज लावायची म्हणून लावलं. निकाल मनात झालेलाच होता. पहिल्यांदा तिने तेच पाहिलं जे सकाळी पाहिलं होतं: हात, भांडं, जबडा. दुसऱ्यांदा पाहताना चहाच्या कपाने पडद्याचा डावा कोपरा झाकला गेला. त्या कोपऱ्यात रबरी हात होता. उरलं फक्त कुत्रं, आणि तिने प्रथमच त्याचे मागचे पाय पाहिले. ते मागे गेले होते. हात भांड्याला लागायच्या आधीच बोक्याचं सगळं वजन मागे सरकलं होतं, पाठ कमानीसारखी झाली होती, शेपटी पोटाला चिकटली होती. काठी धरणाऱ्याकडून होणारी ही चूक आहे आणि ती काठी धरणाऱ्याकडूनच होते. ज्याचा हात पुढे असतो तो दातच बघतो. तिने ती स्वतः इतरांना बजावून सांगितली होती. तिने चित्रफीत संथ केली. बोका थांबला. त्याने नाक चाटलं. त्याचा ओठ उचलला जाऊ लागला, छाती भरली, गळ्याशी कातडी हलली, आता गुरगुर येणार, आणि तिथेच तो दचकला. काठी त्या क्षणी हलत नव्हती, कुणी त्याला हात लावला नव्हता, तरी त्याची मान एका बाजूला झटका बसावा तशी उडाली, डोळे मिटले, आणि मग, गुरगुरीची जागा रिकामी ठेवून, तो चावला आणि उलट्या पावली भिंतीपर्यंत गेला. तिने ते पुन्हा पाहिलं. कुत्रं हाताला दचकलं नव्हतं. स्वतःच्या गुरगुरीला दचकलं होतं.

दुसऱ्या सकाळी तिने एकटीने बोक्याजवळ जमिनीवर बसून, पाठ त्याच्याकडे करून, तो आपण होऊन येईपर्यंत वाट पाहिली. मग गळ्याखालचे केस बोटांनी बाजूला केले. दोन वाटोळे डाग होते, शेजारी शेजारी, शर्टाच्या बटणाएवढे, केस गेलेले आणि कातडी कडक झालेली. भुंकलं की झटका देणारा पट्टा. तो सैल बसला तर लागत नाही म्हणून लोक घट्ट आवळतात. म्हणजे बोक्याला कुणीतरी न सांगायला शिकवलं होतं. सगळ्या पायऱ्या काढून घेतल्या होत्या आणि शेवटची तेवढी ठेवली होती, कारण ती कुणाला काढता येत नाही. तिला आधी वहिनीचाच विचार आला. पर्सवर ठेवलेले ते दोन हात पट्टा आवळताना तिला स्पष्ट दिसले. आणि तरीही संशय या वेळी जागेवर बसेना. काहीतरी कमी पडत होतं. बोका चावला कुणाला? दादाला.

दुपारी दोघांनाही बोलावून घेतलं. दादा पहारेकऱ्याची फिरकी घेत आत आला, उजव्या हाताला पट्टी, ती त्याने मेडल दाखवावं तशी डॉक्टरीणबाईंना दाखवली. काय बारके, आमचा विद्यार्थी पास का नापास, असं त्याने विचारलं. मग शेजाऱ्याचं कुत्रं, त्याची बायको आणि जिन्यातला दिवा यांची एक गोष्ट सांगितली आणि डॉक्टरीणबाई खरंच हसल्या. वहिनी दाराजवळच्या खुर्चीवर बसली. तपासनीस म्हणून तिने दादाला सांगितलं की पुन्हा तपासावं लागणार आहे, तिला निकालाची खात्री नाही. खात्री कसली, असं दादा म्हणाला, हात फाडलाय त्याने, अशी जनावरं ठेवून कुणाचं भलं होतं. शेजाऱ्यांची लहान मुलं आहेत. त्याचा आवाज चढला होता, मान डोलत होती, आणि तिला नेहमीसारखी माया यायला लागली होती. तेव्हा तिने विचारलं.

“दादा, याच्या गळ्यात झटक्याचा पट्टा कुणी बांधला?”

दादा बोलायचा थांबला. हसू ओठांवर होतं तसंच राहिलं आणि बाकीच्या चेहऱ्यावरून निघून गेलं. त्याने तिच्याकडे पाहिलंच नाही. मान सावकाश वहिनीकडे वळली, कोपरं गुडघ्यांवर आली, अंग खुर्चीच्या कडेला पुढे सरकलं आणि तिथे थांबलं. खुर्ची वाजली नाही. डॉक्टरीणबाई मेजावरच्या कागदांत काहीतरी शोधत असल्यामुळे त्यांना काही घडलं असं वाटलंही नसणार. तिला ते पाय माहीत होते. वडिलांचे, टेबलाखालून पाहिले होते. तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीने जीभ ओठांवरून फिरवली, मग तोंडावर हात ठेवला आणि जांभई दिली. मोठी, डोळ्यांत पाणी आणणारी, झोपेशी काही संबंध नसलेली जांभई. इतक्या वर्षांत, इतक्या जेवणांत, ती जांभई तिने पाहिली होती. रोज पगार घेऊन तेच पाहणारी ती.

“मी बांधला,” वहिनी म्हणाली.

बघा, असं म्हणत दादा पुन्हा हसला, मागे रेलला, पूर्वीसारखा झाला. ऐकलंत ना, हिचेच उद्योग, आणि बोलणी आम्ही खायची.

पाणी पाजायच्या निमित्ताने तिने वहिनीला मागच्या व्हरांड्यात नेलं. कुत्र्यांच्या भुंकण्यात तिथे कुणाचं काही कुणाला ऐकू जात नाही. वहिनीने नळाखाली हात धरला आणि धरूनच ठेवला. खरंच मीच आणला पट्टा, असं ती म्हणाली. वन्सं, तुम्हाला वाटतंय मी त्यांना वाचवतेय, तर तसं नाही. बोका जिन्यात पाऊल वाजलं की भुंकायचा, आणि ते दार उघडून आत यायचे ते त्या भुंकण्यावरूनच सुरू व्हायचे. सुरू म्हणजे ओरडायचे नाहीत. ओरडले असते तर बरं, निदान कळतं कुठवर आलंय. मग मला वाटलं, हा भुंकलाच नाही तर घर शांत राहील. पट्टा काही दिवसच लागला. नंतर नुसता खुंटीवर दिसला तरी पुरायचा, नंतर तेही नको. घर शांत झालं होतं. इतकं शांत, की ते कधी जवळ आले तेही कळायचं नाही. हे सगळं वहिनी एका सुरात सांगत होती, आणि ती, सवयच ती, ऐकायच्या आधी तिचे खांदे बघत होती, खोटं कुठे आहे ते शोधत होती. तिला ते सापडलं नाही. सापडलं नाही म्हणूनही थोडा संशय उरला.

“चावला त्या दिवशी दादाने याच्यावर हात उचलला होता?”

वहिनीने नळ बंद केला. “बोका माझ्या मागे होता,” ती म्हणाली.

पुढचे दिवस तिने स्वतःचीच तपासणी केल्यासारखे काढले. खरा निकाल सोपा होता: बिथरणारा. डॉक्टरीणबाईंनीही संथ चित्रफीत पाहून मान्य केलं, बरं झालं थांबलो म्हणाल्या. पण बिथरणारं कुत्रं नियमाने मालकाला परत मिळतं. आणि दादाला, ज्याला परवा ते मेलेलं चालणार होतं, ते आता हवं होतं. त्याने फोनवर तसं सांगितलं, मजेत सांगितलं, तूच पास केलंस ना, मग आणावं म्हणतो घरी, चांगला सरळ करतो. खोटं आक्रमक लिहिलं तर बोका मरणार, खरं लिहिलं तर त्या घरात जाणार. त्या घरात वहिनी होतीच, तिच्यासाठी तर असला काही कागदही नव्हता. कुत्रं पाळायचा परवाना वहिनीच्या नावावर होता, तेव्हा बोक्याला नेणं किंवा केंद्रावर सोडून देणं, दोन्हीला सही तिचीच लागणार होती. तिने वहिनीला फोन करून एवढंच सांगितलं. वहिनी बरं म्हणाली. बरं म्हणजे काय, हे तिने फोन ठेवल्यावर बराच वेळ उलगडून पाहिलं. फोनवर माणसाचे पाय दिसत नाहीत. दादाबद्दल तिला आता काही उलगडायचं नव्हतं. एकच खटकत राहिलं: टेबलापाशी ओरडणारा तो मुलगा ओरडायचा थांबला कधी? लोकांत तर तो अजून ओरडत होता. मग घरात त्याला गप्प राहायला कुणी शिकवलं, की ते नुसतं बघून येतं, आणि तसं असेल तर ती स्वतः काय शिकली होती? रांगेत, अंथरुणात, जेवणाच्या टेबलावर समोरच्याकडे न बोलता, न हलता बघत राहणं. ते कशासारखं दिसत असेल?

वहिनी आली ती एकटी आत आली. हातात साखळी होती. ते गाडीत आहेत, लवकर ये म्हणालेत, असं तिने सांगितलं आणि कुठल्या कागदावर सही करायची ते विचारलं नाही. मग ती वहिनीला बोक्याच्या जाळीपाशी घेऊन गेली. तिने ठरवलं होतं काही सुचवायचं नाही. सुचवलं तर ते पुन्हा दुसऱ्याच कुणाचं होईल. बोका वहिनीला ओळखून उठला, शेपटी खाली पण हलती, वहिनी आत गेल्यावर त्याने तिच्या हाताला नाक लावलं. मग वहिनी साखळी अडकवायला वाकली, तिची सावली त्याच्या मानेवर आली, आणि बोक्याचे मागचे पाय मागे सरले. त्याने नाक चाटलं. ओठ उचलला. मान झटक्याने उडाली, डोळे मिटले. आणि बाहेर उभी असलेली ती दार ढकलून आत शिरणार एवढ्यात एक आवाज आला. बारीक, खरखरीत, बऱ्याच दिवसांत न वापरलेल्या नळासारखा. बोका गुरगुरत होता.

वहिनीचं बोट आपोआप ओठांवर गेलं. ओठ ‘शू’साठी पुढे आले आणि तसेच राहिले. ती बोलली नाही. हात, साखळीसकट, हळूहळू मागे घेतला, मग एक पाऊल, मग भिंत लागेपर्यंत आणखी. काही झालं नाही. झटका बसला नाही. बोक्याने डोळे उघडले, आपण केलेला आवाज कुठे पडला ते पाहावं तसं इकडेतिकडे पाहिलं, आणि पुन्हा गुरगुरला, या वेळी भरून, छातीतून.

“तो नको म्हणतोय ना?” वहिनीने विचारलं.

“हो.”

“स्पष्ट?”

“अगदी स्पष्ट.”

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. आखूड, दोनदा. शेजारच्या जाळ्यांमधली कुत्री त्यावर भुंकायला लागली, एकामागून एक, सगळा व्हरांडा. सवयीने तिने वहिनीचे पाय पाहिले. वजन कुठे आहे ते तिला ओळखता येईना. हॉर्न परत वाजला, लांब, बोट काढायचंच नाही असा. वहिनीने साखळी तिच्या हातात दिली आणि भिंतीला पाठ लावून खाली फरशीवर बसली, बोक्यापासून बऱ्याच अंतरावर, पाय पसरून.

“वाजू दे,” ती म्हणाली.